राजीनाम्याच्या अलीकडे, पलीकडे

१९५६ साली चार महिन्यांच्या अंतराने नेहरूंच्या मंत्रिमंडळातून दोन वजनदार माणसे बाहेर पडली. जुलैत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आणि नोव्हेंबरात रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री. मराठी माणसाच्या मनात पहिल्या राजीनाम्याची आठवण पक्की आहे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट, त्यावर उसळलेल्या आंदोलनावरचा गोळीबार, त्याची न्यायालयीन चौकशी नाकारणे आणि मंत्रिमंडळाला बाजूला ठेवून घेतलेले निर्णय, या सगळ्याविरुद्ध देशमुखांनी लोकसभेत उभे राहून आपले म्हणणे मांडले आणि ते गेले. पाच वर्षे आधी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर डॉ. आंबेडकर असेच बाहेर पडले होते. या दोन्ही राजीनाम्यांत माणूस सांगत होता की हे जे चालले आहे त्यात मी सामील नाही.

शास्त्रींचा राजीनामा याच्या नेमका उलट होता. जे झाले त्यात प्रत्यक्ष हात नसतानाही ते माझ्या खात्यात झाले, एवढ्यासाठीच ते गेले. ‘नैतिक जबाबदारी’ म्हणून आज आपण जे मागतो ते हेच. कुठेही पूल कोसळला, रुग्णालयाला आग लागली, चेंगराचेंगरी झाली की दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात शास्त्री हजर असतात. त्यांचे नाव इतक्या वेळा घेतले गेले आहे की नेमके काय घडले होते, हे पाहायची गरजच कोणाला वाटत नाही.

घडले ते असे. सप्टेंबर १९५६ च्या सुरुवातीला हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखात महबूबनगरजवळ पूल खचून गाडी कोसळली आणि शंभरावर माणसे गेली. शास्त्रींनी राजीनामा दिला, नेहरूंनी तो घेतला नाही. तीन महिनेही झाले नाहीत तोच २३ नोव्हेंबरच्या पहाटे मद्रास राज्यात अरियलूरजवळ पुराने पुलाचा आधार वाहून गेला आणि तुतिकोरिनकडे जाणारी गाडी पाण्यात गेली. दीडशेच्या आसपास मृत्यू. या वेळी शास्त्रींनी मागे हटायचे नाकारले. नेहरूंनी राजीनामा स्वीकारताना संसदेत स्पष्ट केले की अपघाताला शास्त्री जबाबदार आहेत असे कोणी समजू नये, घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून हे होत आहे. म्हणजे दोषी नसलेल्या माणसाचा राजीनामा, तोही दोषी नाही हे जाहीरपणे सांगून घेतलेला. पुढच्याच वर्षी निवडणुकीनंतर शास्त्री पुन्हा मंत्री झाले आणि आठ वर्षांत पंतप्रधान.

यातून लोकांनी त्यांना जो आदर दिला तो खरा होता आणि टिकाऊही. पण त्याचे श्रेय एकट्या राजीनाम्याला देणे मला पटत नाही. तो माणूस आधीपासून तसाच राहत होता. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाचे हाल हा त्यांच्या कारभारातला विषय होता आणि पंतप्रधान असताना वारल्यावर त्यांच्या मागे गाडीचे कर्ज उरले होते. राजीनाम्याने नवा आदर निर्माण केला नाही, असलेल्या आदरावर लोकांना बोट ठेवायला एक प्रसंग मिळाला. ज्यांच्या मागे असे काही नव्हते त्यांच्या राजीनाम्यांचे काय झाले, ते पुढे दिसेलच.

दुसरी गोष्ट अधिक गैरसोयीची आहे. अरियलूरनंतर रेल्वे सुरक्षित झाली ती राजीनाम्यामुळे नव्हे. १९६२ ची कुंझरू समिती, मग वांछू, सिक्री, खन्ना अशा समित्या, रुळांची तपासणी, सिग्नल, पुलांची पाहणी, फाटकांवर माणसे नेमणे, अशा कंटाळवाण्या कामांनी ती सुरक्षित होत गेली. ब्रॉडगेजवरची शेवटची विनारक्षक फाटके संपायला २०१९ उजाडले. त्या कामांवर अग्रलेख येत नाहीत.

शास्त्रींनंतर दीड वर्षाच्या आत जबाबदारीचा प्रश्न तत्त्व म्हणून तपासण्याची संधी आली आणि ती मुंबईत आली. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले होते. फिरोज गांधींनी हा व्यवहार लोकसभेत उघड केला. स्वतःच्या सासऱ्यांचे सरकार असताना. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे आली. त्यांनी ती बंद खोलीत करायचे नाकारले. लोकांची इतकी गर्दी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. काम महिन्याभराच्याही आत उरकले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे म्हणणे होते की सचिवाने परस्पर केले, मी मान्यता दिली नव्हती. छागलांनी ते ऐकून घेतले आणि सांगितले की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, ती झटकून अधिकाऱ्यावर टाकता येत नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी गेले. काही वर्षांनी तेही अर्थमंत्री म्हणून परतले.

मला स्वतःला शास्त्रींच्या राजीनाम्यापेक्षा छागलांची चौकशी अधिक मोलाची वाटते. पहिल्यात एका भल्या माणसाने स्वतःहून केलेली गोष्ट आहे. दुसऱ्यात, माणूस भला असो वा नसो, त्याला उत्तर द्यायला भाग पाडणारी रीत आहे. चौकशी उघड्यावर, थोड्या वेळात, आणि निष्कर्षात मंत्र्याचे नाव. या तिन्ही गोष्टी पुन्हा एकत्र आल्याचे उदाहरण शोधायला गेलात तर बराच वेळ जाईल.

ज्या ब्रिटनकडून आपण हा संकेत घेतला तिथेही तो सोवळ्यात राहिला नाही. १९५४ मध्ये क्रिचेल डाउन इथल्या जमिनीच्या प्रकरणात कृषिमंत्री थॉमस डग्डेल अधिकाऱ्यांच्या चुकांसाठी गेले. त्याच खात्यातले कनिष्ठ मंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांचा राजीनामा मात्र परत केला गेला. अठ्ठावीस वर्षांनी फॉकलंड बेटांवर अर्जेंटिनाचे सैन्य उतरले तेव्हा परराष्ट्रमंत्री तेच होते. या वेळी ते कोणाचे ऐकायला थांबले नाहीत.

आपल्याकडचे १९६२ चे प्रकरण मराठी वाचकाला सह्याद्रीच्या गोष्टीमुळे ठाऊक आहे. चीनकडून झालेल्या पराभवानंतर कृष्ण मेनन यांना आधी संरक्षण खाते आणि मग मंत्रिमंडळ सोडावे लागले, आणि यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. चव्हाणांनी सूत्रे घेतली त्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, चीनचा एकतर्फी युद्धविराम लागू झाला. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे आपण अभिमानाने सांगतो. पण चव्हाणांचे खरे काम धावून जाण्यात नव्हते. हरलेले, एकमेकांवर आरोप करणारे सेनाधिकारी, दुखावलेले पंतप्रधान आणि खवळलेली संसद यांच्यामध्ये उभे राहून सैन्याची घडी पुन्हा बसवायची होती. मेनन यांची रीत होती सेनाधिकाऱ्यांना तोडून बोलण्याची. चव्हाणांनी ऐकून घेण्याची रीत ठेवली आणि सेनेच्या कामात मंत्र्याने कुठवर जायचे याच्या सीमा आखून घेतल्या.

तरी या पराभवाचा हिशेब लोकांसमोर पुरता आला नाही. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केलेल्या चौकशीचा गोषवारा चव्हाणांनी १९६३ च्या सप्टेंबरात संसदेत सांगितला, मूळ अहवाल सरकारने अधिकृतपणे कधीच प्रसिद्ध केला नाही. मंत्री गेला, कागद राहिला. आणि मेनन? १९६७ ला ते मुंबई ईशान्य मतदारसंघातून उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले.

या बर्व्यांसाठी थोडे थांबायला हवे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. धरण पूर्ण व्हायच्या आतच पावसाळ्याचे पाणी अडवले गेले होते. खडकवासलाही गेले आणि पुण्याचा नदीकाठ धुऊन निघाला. चौकशी आधी न्या. बावडेकर आणि त्यांच्या निधनानंतर न्या. नाईक यांच्याकडे गेली. कोण जबाबदार याचा वाद पुण्यात आजही जुनी माणसे उकरून काढतात. बर्वे आयसीएस अधिकारी, पूर्वी पुण्याचे महापालिका आयुक्त राहिलेले. उद्ध्वस्त झालेल्या पुण्याच्या पुनर्वसनाचे काम त्यांच्याकडे आले आणि ते त्यांनी असे केले की नोकरी सोडून १९६२ ला शिवाजीनगरमधून उभे राहिले तेव्हा पुणेकरांनी त्यांना निवडून दिले. मोडले ते त्यांनी नव्हते, पण उचलायला ते पुढे झाले. पुणेकर सहसा कोणाला सहज मानत नाहीत, हे लक्षात घेतले की या गोष्टीचे वजन कळते.

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या राजीनाम्यांचा रंग बदलला. आता मंत्री स्वतःहून जात नव्हते, न्यायालय त्यांना घालवत होते. जानेवारी १९८२ मध्ये न्या. बख्तावर लेंटिन यांनी सिमेंटचे वाटप आणि मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडला आणि बॅ. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. प्रकरणाने वरच्या न्यायालयांत पुढे निराळी वळणे घेतली हेही नोंदवले पाहिजे. १९८६ मध्ये मुलीच्या एम.डी. परीक्षेच्या गुणांवरून उच्च न्यायालयाने ताशेरे मारल्यावर शिवाजीराव पाटील-निलंगेकर गेले. अशा वेळी ‘नैतिक’ हा शब्द वापरणे जरा धाडसाचेच.

त्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात औद्योगिक दर्जाचे, विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. चौकशी पुन्हा लेंटिन यांच्याकडे. त्यांच्या अहवालाचे वैशिष्ट्य असे की त्यांनी एकाला पकडून बाकीच्यांना सोडले नाही. पुरवठादार, रुग्णालयाची खरेदी, डॉक्टर, औषध प्रशासन, आरोग्यमंत्री, प्रत्येक पायरीवर काय व्हायला हवे होते आणि काय झाले नाही ते त्यांनी लिहिले. अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावे लागले. जबाबदारी ही एकाच खुर्चीत साठलेली नसते, ती वरपासून खालपर्यंत पसरलेली असते आणि जितके वर जावे तितका तिचा वाटा मोठा होतो, हे त्या अहवालाइतके सविस्तर महाराष्ट्रात क्वचितच लिहिले गेले असेल.

यानंतर थेट २००८. मधल्या काळात विमान वाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनी १९९३ मध्ये, एकही प्रवासी न दगावलेल्या विमान अपघातानंतर दिलेला राजीनामा आहे. आणि मुंबई दंगलींच्या चौकशीचा श्रीकृष्ण आयोग आहे, जो सरकारने मध्येच गुंडाळला, पुन्हा सुरू केला आणि अहवाल आल्यावर नाकारला. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच दशकात घडल्या.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर आठवड्याभरात तीन मराठी नेत्यांना पदे सोडावी लागली. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख. शिवराज पाटलांवर बंदोबस्ताबरोबर पोशाखावरूनही आधीपासून टीका होत होती. विलासराव गेले ते हल्ल्यामुळे कमी आणि ताज हॉटेलच्या पाहणीला अभिनेता मुलगा व एका चित्रपट दिग्दर्शकाला बरोबर नेल्यामुळे अधिक. आर. आर. आबांना भोवले ते मोठ्या शहरात अशा छोट्या गोष्टी होतच असतात या अर्थाचे, हिंदीतून केलेले विधान. म्हणजे तिघांवरचाही रोष बराचसा दिसण्या-बोलण्याशी निगडित होता. पोलिसांकडे हत्यारे काय होती, आधीच्या इशाऱ्यांचे काय झाले, त्या रात्री हुकूम कोण देत होते, हे प्रश्न मागे पडले.

ते प्रश्न राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने विचारले. पण ही समिती १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेली नव्हती. त्या कायद्याखालचा अहवाल सहा महिन्यांत, कारवाईच्या निवेदनासह, विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. इथे तसे बंधनच नव्हते. अहवाल एप्रिल २००९ मध्ये तयार झाला, विधिमंडळात आला डिसेंबरात, तोही बाहेर फुटल्यावर. तोवर विलासराव केंद्रात मंत्री झाले होते आणि निवडणूक जिंकून आबा पुन्हा त्याच गृहखात्यात आले होते. शिवराज पाटील लवकरच राज्यपाल झाले. कोणी परत येऊच नये असे माझे म्हणणे नाही, शास्त्रीही परतलेच होते. पण इथे माणसे परतली आणि अहवाल मागून आला, हा क्रम काही सरळ नाही.

तिघांत आबांची गोष्ट निराळी आहे म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. तासगाव तालुक्यातल्या अंजनीसारख्या गावातून आलेला, ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावागावांत नेणारा हा माणूस. ते एक वाक्य त्यांना आयुष्यभर चिकटले. परत आल्यावर त्यांनी गडचिरोलीचे पालकमंत्रिपद स्वतःहून मागून घेतले. नक्षलवादाने पोखरलेला, मुंबईपासून सर्वांत लांबचा जिल्हा, जिथे बदली ही शिक्षा समजली जाते. तिथे मंत्री वारंवार येतो, मुक्काम करतो, हे तिथल्या पोलिसांनी आणि शिक्षकांनी पाहिले. राजीनाम्याने आबांचा गेलेला आदर परत आणला असे कोणी म्हणणार नाही. गडचिरोलीने थोडासा आणला असावा. सगळा नाही.

या साऱ्या काळात आणखी एक गोष्ट घडत आली आणि ती अधिक काळजीची आहे. वरच्या खुर्च्यांवरचे राजीनामे कमी होत गेले तसतशी जबाबदारी जिन्याने खाली उतरू लागली. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. जिल्हा शल्यचिकित्सकासह काही जण निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली, आणि पुढे गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. अग्निसुरक्षेची व्यवस्था कोणी मंजूर करायची, निधी कोणी द्यायचा, तपासणी कोणी करायची, हे त्यांच्या हातात नव्हते. जून २०२३ च्या बालासोर अपघातात २९० हून अधिक माणसे मेली. रेल्वेमंत्री तिथे तळ ठोकून राहिले, मार्ग दोन दिवसांत सुरू झाला, राजीनाम्याची मागणी फेटाळली गेली. अटक झाली ती सिग्नल विभागातल्या तीन कर्मचाऱ्यांना. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात मात्र अनेक पातळ्यांवरच्या चुका होत्या. तळ ठोकून राहणे हे कामच आहे आणि चांगले काम आहे. मंत्री दिल्लीला निघून गेले असते तर मार्ग लवकर सुरू झाला नसता, हा युक्तिवादही मला रास्त वाटतो. पण मग खालच्या तिघांना तरी हा युक्तिवाद का लागू नसावा?

आदर कुठे मिळतो, याची सर्वांत चांगली गोष्ट राजकारणाबाहेरची आहे आणि ती ज्याला फायदा झाला त्यानेच सांगितलेली आहे. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्याहून उडालेले पहिले एसएलव्ही-३ काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम होते. पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयश आपल्या माथी घेतले. पुढच्या वर्षी १८ जुलैला उड्डाण यशस्वी झाले तेव्हा त्यांनी कलामांना पत्रकारांकडे धाडले. कलाम राष्ट्रपती झाल्यावरही हे सांगत राहिले. या गोष्टीत राजीनामा नाही. धवन त्यानंतर १९८४ पर्यंत अध्यक्ष होते. अपयश वर घ्यायचे आणि यश खाली द्यायचे, ही देवाणघेवाण त्यांनी केली, आणि अपयश वर घेतल्यामुळे खालची माणसे भीतीशिवाय पुन्हा कामाला लागली. वर्षभरात दुसरे यान उडाले त्यात या निर्भयपणाचा वाटा काही थोडाथोडका नसणार.

राजीनाम्याशिवाय आदर मिळाल्याचे उदाहरण रेल्वेतही आहे. मधू दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या बसवायला सुरुवात केली आणि १९७४ च्या संपात काढून टाकलेल्या कामगारांना परत घेतले. दंडवत्यांचे नाव घेताना कोकणात अजून आवाज बदलतो.

जबाबदारीच्या प्रश्नाचा एक जुना मराठी कागद १६७३ सालचा आहे. चिपळूणजवळच्या तळावर पावसाळ्यात राहिलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांचे पत्र. दाणावैरण जपून वापरा, संपली तर घोडी मरतील आणि ती तुम्ही मारल्यासारखे होईल. रयतेच्या गवताच्या काडीला, भाजीला हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या. रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील. आणि लोकांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल. पत्राचा सूर रागाचा नाही, काळजीचा आहे. मराठीत जबाबदारीवर झालेल्या बऱ्याचशा व्याख्यानांपेक्षा मला त्या उंदराच्या वातीत जास्त काही सापडते: आग लागल्यावर कोण जाणार हा तिथे प्रश्नच नाही, ती लागू नये याचा तपशील राजा स्वतः लिहितो आहे.

आजच्या काळात हे सर्वांत स्पष्ट दिसते ते गावात. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार १९८९ पासून गावकारभारात आहेत. पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, आणि पाणी कमी असेल तर कोणते पीक घ्यायचे नाही हे तिथे ठरते. ऊस नको, शेतीसाठी बोअर नको, असे नियम लादणाऱ्याला दर वर्षी त्याच लोकांसमोर उभे राहावे लागते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात पुढारपण करणाऱ्या देवाजी तोफांकडे बराच काळ कसलेही सरकारी पद नव्हते. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात, त्यामुळे एकाचा जरी विरोध असला तरी त्याची समजूत पटेपर्यंत थांबावे लागते. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळवणारे हे देशातले अगदी सुरुवातीचे गाव ठरले, त्यामागे अशा शेकडो बैठका होत्या.

यावर आक्षेप ठरलेला आहे: गाव ते गाव. हिवरे बाजारला जमते ते बारा लाखांच्या घरात कर्मचारी असलेल्या रेल्वेला कसे जमावे? इतक्या मोठ्या यंत्रणेत मंत्र्याने उंदराच्या वातीपर्यंत लक्ष घालावे ही अपेक्षा भाबडी आहे, हे मान्य. पण म्हणूनच तर १९४१ मध्ये रेल्वेच्या तपासणीचे काम रेल्वेकडून काढून दुसऱ्या खात्याकडे दिले गेले, आणि रेल्वे सुरक्षा आयुक्त आजही नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. ज्याच्यावर ठपका येऊ शकतो त्यानेच चौकशी करू नये एवढी समज त्या काळीही होती. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये १०६ शिफारशी दिल्या. त्यांतली महत्त्वाची शिफारस होती कायद्याने स्थापलेल्या स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे मंत्री कोणीही असो, त्याला जाब विचारणारी कायमची संस्था. समितीने पुढच्या पाच वर्षांसाठी सुमारे एक लाख कोटी रुपयांचा खर्चही मांडला होता. त्यानंतर अनेक रेल्वेमंत्री झाले. त्यांतल्या सुरेश प्रभू यांनी २०१७ च्या ऑगस्टमध्ये लागोपाठच्या अपघातांनंतर राजीनामा देऊ केला, त्यांना थांबायला सांगितले गेले आणि काही दिवसांत खाते बदलून मिळाले. प्राधिकरण काकोडकरांनी सुचवलेल्या स्वरूपात उभे राहिलेले नाही.